घाबरं होतं म्हणजे काय

अण्णांच्या उशीखाली पारले-जीचा पुडा सापडला, त्या सकाळी मी त्यांना जे काही बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की शहात्तर वर्षांच्या माणसाशी, त्यातून स्वतःच्या वडिलांशी, कुणी असं बोलू नये. "तुमच्यासाठी आम्ही घरात गोड आणणं बंद केलं आणि तुम्ही लहान मुलासारखं चोरून खाताय?" हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. त्यांना काही सांगायचं नसलं की ते चष्मा पुसतात.

नंतर कपाटात, मफलरच्या घडीत, कागदात बांधलेला गुळाचा खडाही सापडला. त्यावर मात्र मी बोलले नाही. बोलायची ताकद संपली होती.

तर ही त्या पुड्याची गोष्ट. आणि माझ्या भाषांतराचीही.

अण्णा सांगलीचे. नोकरी साखर कारखान्यात, हिशेब खात्यात. "आयुष्यभर लोकांच्या साखरेचा हिशेब ठेवला, आता स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा ठेवतोय" हा त्यांचा ठरलेला विनोद, घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या पाहुण्याला एकदा. मधुमेह वीस वर्षांचा. आई गेल्यावर दोन वर्षं ते एकटे राहिले आणि मग आमच्या आग्रहाखातर इथं मिनेसोटाला आले. आग्रहाखातर म्हणजे काय ते ज्यांचे आईवडील भारतात एकटे आहेत त्यांना सांगायला नको. आपण आग्रह करतो, ते 'बरं' म्हणतात. त्या 'बरं'चा अर्थ आपण आपल्याला हवा तसा लावून घेतो.

इथल्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा तपासायला आली ती नर्स प्रॅक्टिशनर. पन्नाशीची बाई, बुटात जाड लोकरी मोजे, गळ्यात स्टेथोस्कोप. तिनं नाव सांगितलं, हात मिळवला, अण्णांच्या समोर स्टूल ओढून बसली. अण्णांनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "नर्सबाई आल्या. डॉक्टर कुठं आहेत?"

मी म्हटलं, "ह्याच."

"ह्या नर्स आहेत ना?"

"हो, पण ह्याच तपासतात. औषधंही ह्याच लिहून देतात."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना ओळखणारा माणूस तो. त्यांच्या हिशेबी सिस्टर इंजेक्शन देतात, रागावतात, आणि डॉक्टर आले की उठून उभ्या राहतात.

(थोडं विषयांतर. ही भानगड मलाही तोवर नीट माहीत नव्हती, मग घरी येऊन वाचलं. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकार १९६५ साली कोलोरॅडोमध्ये सुरू झाला. लोरेटा फोर्ड नावाची एक पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून तिथल्या विद्यापीठात पहिला अभ्यासक्रम काढला. खेडोपाडी डॉक्टर पोचत नव्हते, नर्स पोचत होत्या आणि निम्मं काम करतच होत्या. मग त्यांना पुढचं शिक्षण आणि अधिकार का देऊ नयेत, असा साधा विचार. डॉक्टर मंडळींनी विरोध केला, काही नर्सनीही केला. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी. मिनेसोटात तर २०१५ पासून नर्स प्रॅक्टिशनरना, सुरुवातीचे काही तास देखरेखीखाली काढले की, डॉक्टरच्या सहीशिवाय स्वतंत्रपणे काम करता येतं. आपल्याकडेही आता अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि बाळंतपणासाठी खास प्रशिक्षित नर्स तयार करायचं धोरण २०१८ मध्ये सरकारनं जाहीर केलं. असो.)

त्या पहिल्या भेटीतच तिनं विचारलं होतं की दुभाषी बोलावू का, फोनवर मराठी दुभाषी मिळतात, पैसे पडत नाहीत. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तू आहेस की. परकं माणूस कशाला?" मलाही तेच बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. चौदा वर्षं ह्या देशात राहिलेय, इंग्रजीत नोकरी करते, मला दुभाषी कशाला?

तर मी दुभाषी झाले. शिवाय मी एक्सेल शीट केलं. रोज सकाळची उपाशीपोटीची साखर, रंगीत रकान्यांत. हिरवा, पिवळा, लाल. भेटीला जाताना छापून न्यायचे. त्यात लाल फार होतं. एकशे सत्तर, एकशे ऐंशी, एकदा दोनशे पाच. तीन महिन्यांच्या सरासरीचा जो आकडा असतो, एचबीए१सी, तो आला ८.१. माझं लक्ष्य होतं सात. सात का, तर सगळीकडे सात लिहिलेलं असतं म्हणून.

तिनं ग्लिमेपिराइडची गोळी वाढवली. सकाळ-रात्र एक मिलिग्रॅम होती ती दोन केली. मी घरी येऊन रात्रीचा भात बंद केला. पुढच्या वेळी आकडा आला बरोब्बर ७.०! मी फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याच्या आत्येबहिणीनं टाळ्यांची रांग पाठवली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. अण्णांचं कुणी केलं नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

आणि ह्याच काळात अण्णा रात्री उठायला लागले होते. मला पावलांचा आवाज यायचा. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, जरा घाबरं होतं." मला वाटलं, साहजिक आहे. आई नाही, गाव नाही, बाहेर उणे वीस तापमान आणि चार वाजता अंधार. दवाखान्यात तिनं विचारलं, झोप कशी आहे? अण्णांनी मला सांगितलं, मी तिला सांगितलं: रात्री ते अँक्शस होतात. तिनं लिहून घेतलं. मग ती एकटेपणाबद्दल बोलली, कुणी समुपदेशक हवा का विचारलं, दिवसा उन्हाच्या खिडकीत बसायला सांगितलं. अण्णा बिचारे रोज जेवण झाल्यावर खिडकीत बसायला लागले. ऊन नसलं तरी.

मग तो पुडा सापडला.

त्यानंतरच्या भेटीला मी तावातावानंच गेले होते. पुड्याची तक्रार करायची होती, अगदी शाळेत मुलाची करतात तशी. तिनं अण्णांना विचारलं, गेल्या महिन्यात कसं काय होतं? अण्णा बोलायला लागले. चांगले दोन मिनिटं बोलले. हातवारे करून, एकदा छातीवर हात ठेवून. ते थांबल्यावर मी तिला म्हटलं, ते म्हणतायत ठीक आहे, रात्री जरा अस्वस्थ वाटतं, आणि ते चोरून बिस्किटं खातात.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते ह्यापेक्षा बरंच जास्त बोलले."

मला काय बोलावं सुचेना. ती रागावली नव्हती. उलट म्हणाली की चूक तिची आहे, पहिल्याच दिवशी तिनं दुभाष्याचा आग्रह धरायला हवा होता. (इथं तसा नियमच आहे. २०१६ पासून दवाखान्यांनी घरच्या माणसाला दुभाषी म्हणून वापरू नये असं आहे. रुग्णानंच तसं मागितलं किंवा आणीबाणी असली तर गोष्ट वेगळी. अण्णांनी मागितलं होतं.) मग तिनं मला खाणाखुणांनी अण्णांना विचारायला लावलं की चालेल का, आणि अण्णांनी मान हलवल्यावर मला म्हणाली, "आज तुम्ही फक्त मुलगी म्हणून बसा. भाषांतराचं काम आज तुमचं नाही."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. हातातलं एक्सेल शीट मांडीवर.

स्पीकरवर एका बाईचा आवाज आला. आधी तिनं आपला क्रमांक सांगितला, मग मराठीत म्हणाली की इथं जे बोललं जाईल ते सगळं मी जसंच्या तसं सांगेन, काही गाळणार नाही, काही घालणार नाही. दोन वाक्यं ऐकल्यावर अण्णा खुलले. "नागपूरकडची दिसते," मला म्हणाले. आवाजानं तेही भाषांतर करून टाकलं! नर्सबाई हसल्या. अण्णा ओशाळले. आणि त्या क्षणापासून त्या खोलीत मी नसल्यासारखी झाले.

"रात्री काय होतं ते सांगा."

"घाबरं होतं."

इथं फोनवरचा आवाज थांबला. मग इंग्रजीत म्हणाला: दुभाष्याला एका शब्दाचा खुलासा हवा आहे, विचारू का? आणि मराठीत, "काका, घाबरं होतं म्हणजे भीती वाटते, की अंगात तसं काही होतं?"

"अहो, भीती कसली? अंगात. घाम फुटतो, गंजीफ्रॉक ओला होतो. हात लटलट कापतात. पोटात खड्डा पडतो. डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन बिस्किटं खाल्ली, गुळाचा खडा तोंडात टाकला की वीस मिनिटांत माणसात येतो."

मराठी माझी मातृभाषा. घाबरंघुबरं होणं म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत आहे. आजी म्हणायची उन्हातून आली की. पण मी आधीच ठरवून टाकलं होतं ना की अण्णा इथं उदास आहेत. मग शब्दाला दुसरा अर्थ असतो हे कशाला आठवतंय.

नर्सबाईंनी पुढं पटापट विचारलं. किती वाजता? दोन-तीनच्या सुमारास. किती दिवसांपासून? गोळी वाढवली तेव्हापासून जास्त, आधीही कधीकधी. त्या वेळी साखर मोजली का? नाही, मशीन मुलीच्या खोलीत असतं, तिची झोप मोडेल. मुलीला सांगितलं का?

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तिनं ऑफिसला रजा टाकली असती. आणि बिस्किटांचं सांगितलं असतं तर ती ओरडली असती. दोन्ही नको वाटलं."

नागपूरच्या आवाजानं ते जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही.

म्हणजे झालं होतं ते असं. रात्री गोळीनं साखर खाली जायची. अण्णा घाबरे व्हायचे, बिस्किटं खायचे. ती साखर सकाळपर्यंत वर चढायची. मी सकाळी मोजायचे, लाल रकाना. लाल रकाने बघून गोळी वाढली. गोळी वाढल्यावर साखर आणखी खाली, बिस्किटं आणखी जास्त. त्यातून मी रात्रीचा भात बंद केलेला. आणि तो ७.० आकडा, ज्याच्यासाठी ग्रुपवर टाळ्या पडल्या, तो सरासरीचा आकडा होता. निम्मे त्यात रात्रीचे खड्डे होते.

तिनं रात्रीची गोळी त्याच दिवशी थांबवली. दंडावर दोन आठवड्यांसाठी नाण्याएवढं सेन्सर लावून दिलं. आणि अण्णांना सत्तरच्या खाली साखर गेली तर काय करायचं ते समजावलं: पंधरा ग्रॅम साखर, मग पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं. समजावून झाल्यावर म्हणाली, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तर तुम्ही रात्री काय कराल ते मला सांगा. 'कळलं का?' असं तिनं विचारलंच नाही. आपल्याकडे 'कळलं का' विचारलं की माणूस 'हो' म्हणतो, विषय संपतो. अण्णांनी हिशेबनीसाच्या शिस्तीत सगळं परत सांगितलं: साखर चार चमचे पाण्यात, घड्याळ लावायचं, परत मोजायचं. मशीन उशाशी. बिस्किटाला वेळ लागतो, साखर लवकर लागते. "म्हणजे चोरी करायची तर नीट करायची," ते म्हणाले. ह्याचंही भाषांतर झालं.

इथवर ठीक होतं. औषधाची चूक होती, सुधारली. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालून झाल्या होत्या, आता उठून कोट घालायच्या बेतात होते. तर तिनं स्टूल आणखी जरा पुढं ओढलं आणि विचारलं, "ह्या सगळ्यात तुमच्यासाठी महत्त्वाचं काय आहे? ह्या वर्षी तुम्हाला काय करता यायला हवं आहे?"

अण्णांनी अपेक्षित उत्तर दिलं. "तुम्ही सांगाल तसं."

ती थांबली. नुसती थांबली. काही बोलली नाही. १९८४ साली अमेरिकेत एका अभ्यासात मोजलं होतं की रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर त्याला सरासरी अठराव्या सेकंदाला मधेच तोडतात. मुली किती सेकंदांनी तोडतात ते कुणी मोजलेलं नाही. माझ्या बाबतीत फार कमी निघेल. फोनवरचा आवाजही थांबलेला. खोलीत फक्त हीटरचा घूं घूं. अण्णांनी चष्मा काढला, पुसायला घेतला, आणि मग परत डोळ्यांवर चढवला.

"मला एकदा घरी जायचंय. एकट्यानं."

घरी. मी मिनेसोटातल्या त्यांच्या खोलीला नवा पडदा लावला होता, देव्हारा मांडला होता.

मग सगळं निघालं. थोरल्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं सांगलीला, माघात. काकांना एक्याऐंशी लागलेलं. त्यांनी अण्णांना फोन करून सांगितलं होतं, मला नाही. मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं की एवढा प्रवास झेपणार नाही, किंवा मी रजा काढून बरोबर येते, आणि रजा मिळाली नसती. अण्णांना विमानात साखर उतरेल ह्याची धास्ती होती. रात्रीच्या त्या घामाची. शेजारी कुणी नसताना. म्हणून ते दोन महिने मनातल्या मनात जाणं रद्द करत होते. आणि आणखी एक: पंगतीला खाली मांडी घालून बसायचं आणि हाताला कुणी न धरता उठायचं. "भाऊ एक्याऐंशीचा उठतो आणि मी नाही," असं म्हणाले.

नर्सबाईंनी कागद घेतला. वर लिहिलं: सांगली, फेब्रुवारी. खाली तीन गोष्टी लिहिल्या, प्रत्येक अण्णांना विचारून. रात्री साखर सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नाही, ही पहिली. हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव, ही दुसरी. तिनं तिथंच घड्याळ लावून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते बघितलं. सहा. मॉलमध्ये चालायला जायचं हे अण्णांनीच सुचवलं. इथं हिवाळ्यात म्हातारी मंडळी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये फेऱ्या मारतात, ते त्यांनी बघून ठेवलं होतं. एचबीए१सी तिसरी. आणि तिथं तिनं लिहिलं: आठच्या आत.

मी कोपऱ्यातून बोललेच. "आठ? आत्ता सात आहे!"

तिनं अण्णांकडे बघून परवानगी घेतली, मग मला उत्तर दिलं. तुमचं-आमचं सात हे तरुण माणसाचं सात. शहात्तरीत, वीस वर्षांचा मधुमेह, मूत्रपिंडाचं काम वयानुसार मंदावलेलं, त्यात रात्री साखर उतरतेय. अशा माणसाला आठाच्या आत पुरतं. त्याखाली खेचताना पडून खुबा मोडला तर काय कमावलं? मी घरी जाऊन वाचलंच (सवय जाते का?). तिचं बरोबर होतं. २००८ साली एक मोठा प्रयोग अमेरिकेत ह्याच कारणानं मधेच थांबवावा लागला होता. साखर सहाच्या खाली नेण्याचा जोरदार प्रयत्न ज्यांच्यावर चालला होता त्या गटात मृत्यू जास्त झाले. वाचलं, पटलं, तरी हिरव्या रकान्याचा मोह सुटायला मला बरेच दिवस लागले. अजून पुरता सुटलाय असं नाही.

शेवटी तिनं मला विचारलं, "आणि तुम्हाला कशाची काळजी वाटते?" मला वाटलं होतं मी आकड्यांबद्दल काहीतरी बोलेन. मी म्हटलं, आई गेली तेव्हा मी इथं होते. पुढचं बोलता आलं नाही. आणि ते अर्धं वाक्य त्या नागपूरच्या बाईनं अण्णांना मराठीत सांगितलं. तिचं कामच होतं. पाच वर्षांत मी ते अण्णांना कधी म्हटलं नव्हतं. त्यांनाही पहिल्यांदाच कळलं, तेही फोनच्या स्पीकरवरून. गाडीत ते म्हणाले, "रेडिओ लाव की." मी लावला.

सेन्सरचा आलेख आला तेव्हा रात्रीची गोळी थांबवूनसुद्धा चौदापैकी चार रात्री रेघ सत्तरच्या खाली गेलेली होती. एकदा अठ्ठावन्न. मग ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झालं आणि साखर एकदम खाली न नेणारी दुसरी गोळी आली. घाम थांबला. मी रात्रीचा भात परत सुरू केला, एक वाटी, आणि अण्णा त्यावर तूप घेताना माझ्याकडे बघेनासे झाले. मॉलमध्ये त्यांना एक सोमाली गृहस्थ भेटले, त्यांच्याच वयाचे. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, इंग्रजी बेताचंच. रोज चार फेऱ्या मारत होते.

फेब्रुवारीत ते गेले. एकटे. मिनियापोलिस ते अ‍ॅमस्टरडॅम, तिथून मुंबई, चुलतभावानं उतरवून घेतलं आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं सांगली. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, गळ्यात मशीन, आणि पाकिटात तो कागद. एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगू का विचारलं तर म्हणाले, सांग, पण मी बसणार नाही, बॅग ठेवायला उपयोगी पडेल. मी त्या वीस-बावीस तासांत काय केलं विचारू नका.

कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. पंगत. अण्णा मांडी घालून, पानात जिलबी. व्हिडिओ घेणाऱ्या पुतण्यानं नेमकं उठतानाचं घेतलं नाही, त्यामुळे हात टेकला की नाही ते मला अजून माहीत नाही. अण्णा म्हणतात नाही टेकला. त्या दिवसाची साखर त्यांनी मला स्वतःहून मेसेज केली: २१२, आणि पुढं: दीड जिलबी. मी काय उत्तर द्यावं ह्याचा बराच वेळ विचार केला आणि अंगठा पाठवला.

परत आल्यावर एप्रिलमध्ये भेट होती. तीस सेकंदांत अकरा वेळा उठले. एचबीए१सी ७.८. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, एक्सेल शीट न नेता. (फोनमध्ये होतं. काढलं नाही.) फोनवर ह्या वेळी दुसरी बाई होती, बहुतेक मुंबईची. नर्सबाईंनी जुना कागद बाजूला ठेवून कोरा घेतला आणि विचारलं, आता ह्या वर्षी काय करायचंय?

अण्णांना लायब्ररीत एकट्यानं जायचं होतं. मुलीनं सोडायचं, मुलीनं आणायचं, हे नको. घराच्या कोपऱ्यावरून जी जाते ती पकडून. त्यांनी उत्साहात एकच शब्द उच्चारला.

"बस!"

स्पीकरवरच्या आवाजानं तत्परतेनं भाषांतर केलं: पुरे, आता आणखी काही नको.

नर्सबाईंचा चेहरा पडला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी तोंडावर हात घट्ट धरून बसले होते. मग ते फोनकडे वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो ताई, पुरे नव्हे. बस! आपली एसटी असते तशी!"